समोरच्या दाराने

"खिसे," तो म्हणायचा, आणि आपण नमस्कार करायच्या आत त्याचा पालथा हात आपल्या शर्टावरून फिरून गेलेला असायचा. माचिस, विडी, लायटर. जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात यातलं काही न्यायचं नाही, आणि हा तिथल्या फाटकावर जमादार. तीस वर्षं त्याने खिसे चाचपले. तुमच्याही ओळखीत असा एखादा नियमाचा माणूस असेलच. आमचा जरा जास्तच होता.

एकदा माझ्या खिशात देवघरातली माचिस राहून गेली. सकाळचा चहा मी त्याच्याच क्वार्टरमध्ये बसून प्यायलो होतो. तरी पठ्ठ्याने मला लायनीतून बाहेर काढलं. "अबे, मले ओळखत नाही काय?" मी म्हणालो. "ओळखतो ना. पण नियम हाय," तो म्हणाला. मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी बायकोच म्हणाली, घरात तोंड फुगवून बसण्यापेक्षा जा त्याच्याकडे.

रिटायर झाल्यावरही हात थांबला नाही. माझ्या मुलीच्या लग्नात त्याने मांडवाच्या दाराशी चक्क व्याह्यांचे खिसे चाचपले. व्याही मोठे मानी गृहस्थ. त्यांचा लायटर याने काढून घेतला आणि जेवणं झाल्यावर कागदावर सही घेऊन परत दिला. त्याबद्दल मला अजून ऐकून घ्यावं लागतं.

आम्ही चार मित्र वर्षातून एक दिवस कुठेतरी फिरून येत असू. मी स्टोअरमधला, नामदेव आणि शामराव दोघे फिटर, आणि हा. जागा ठरवताना आम्ही तिघं भांडायचो, हा गप्प. त्या वर्षी मात्र स्वतःहून म्हणाला, "बपेऱ्याच्या वाटेवर मालगुजाराचा महाल हाय. आता लोकायले पाहायले उघडला म्हणते. तिथं जाऊ."

गाडीत त्याचे करकरीत नवे जोडे दिसले. "पोरगी पाहायले चालला काय बे?" शामरावने छेडलं. तेव्हा कुठे त्याने सांगितलं. त्याची माय त्या जमीनदाराच्या महालात धान कांडायला जायची. हाही तिच्या पदराला धरून जायचा. पण त्यांच्या जातीच्या माणसाने मागच्या पायरीच्या आत पाऊल टाकायचं नाही, असा तिथला रिवाज. "मी समोरच्या दारानं जाईन," तो म्हणाला. "एकदा. मंग मेलो तरी चालते."

महाल छानच राखलेला. दगडी खांब, लोखंडी खिळ्यांचा उंच दरवाजा. कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचलेली एक बाई राखणीला होती. ती म्हणाली, "समोरचं दार बंद हाय. मांगून या."

"काहून?" मी विचारलं.

"नियम हाय."

मी हसू दाबायला मान फिरवली, खोटं कशाला सांगू? सगळ्या जवाहरनगरला जे ऐकवलं, ते आज याच्या वाट्याला आलं होतं. "भांड तिच्याशी," नामदेव त्याच्या कानाशी लागला. पण तो कसला भांडतो. "नियम हाय तं हाय," म्हणाला आणि समोरच्या पायरीवर रुमाल टाकून बसला. "तुम्ही या पाहून. मांगून मी येत नाही."

माझं हसू तिथंच गेलं.

आम्ही आत गेलो. झुंबर पाहिलं, रानगव्याचं मुंडकं पाहिलं, कशातही जीव लागेना. शेवटी मी बाईंना सगळं सांगितलं. त्या जराशा वरमल्या. "नियम कायचा जी," त्या म्हणाल्या, "अडसर अडकला हाय. येणाऱ्या-जाणाऱ्यायले कोण समजावत बसन, म्हनून नियम म्हनतो."

झालं. दोन रिटायर फिटरांना आणखी काय पाहिजे? बाईंच्या घरून जवसाचं तेल आलं, कुदळीचा दांडा आला. नामदेव म्हणे डावीकडून, शामराव म्हणे वरून. बाहेरून आवाज आला, "काय ठोकून राहिले बे? लोकाचं सामान हाय." "तू बस गुमान," आम्ही आतून ओरडलो. तासाभराने अडसर सरकला आणि दोन्ही फळ्या करकरत उघडल्या.

तो उठून उभा राहिला. शर्ट ठीक केला. वाकून जोड्यांची नाडी सोडायला लागला.

"राहू द्या भाऊ," बाई म्हणाल्या. "घालूनच या."

तो जोडे घालून आत आला. मला भरून आलं, आजही येतं. आम्हाला वाटलं, आता हा झुंबर बघेल, मालगुजाराच्या खुर्चीत बसेल. त्याने कशाकडे पाहिलं नाही. बैठक ओलांडून, माजघर ओलांडून तो सरळ मागच्या दाराशी गेला आणि आतल्या बाजूने बाहेर बघत उभा राहिला. समोर अंगण, उखळ, पायरी.

"माय थे तिथं बसे," तो म्हणाला. "घामाचा दाणा मागायले दुपारपावतर बसून राहे. मी रडलो का म्हणे, आतल्या लोकायले काय माहीत बाबू, आपण बसलो म्हणून. त्यायले दिसत नाही इकडचं."

त्याने उखळापासून पायरीपर्यंत नजर फिरवली.

"इथून तं सारं दिसते रे," तो म्हणाला.

चहा झाला म्हणून बाईंनी दोनदा हाक मारली. आम्ही चौघंही तिथंच उभे होतो.