डुबक्याचे डोळे

दुपारचं जेवण आवरून सुगंधा चटईवर आडवी होते. झोप लागेल असं तिला वाटतच नाही. संध्याकाळी लेक येणार, पल्लवी, आणि भिंतीवरचं चित्र घेऊन जाणार. चित्र तरी कसलं? टीव्हीवरच्या कार्टूनमधलं बदक, डुबक्या! सुगंधाचा नवरा जनार्दन पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे रेखायचा. त्याच्या हाताला मागणी एवढी, की मालकसुद्धा दबून असायचे. आणि हा बाबा जेवणाच्या सुट्टीत मांडीवर पुठ्ठा घेऊन डुबक्या काढत बसायचा. हौस ती हौस!

शेवटचा डुबक्या रंगवून झाला, डोळे तेवढे राहिले, आणि जनार्दनच गेला. त्याला वर्ष झालं. पल्लवी म्हणते, "आई, डोळे तू काढ, नाहीतर मी काढते." सुगंधा कोणाला हात लावू देत नाही. कारखान्यात डोळे सगळ्यात शेवटी काढतात, आणि ते झाले की मूर्ती टेम्पोत चढते. डोळे राहिलेत तोवर त्याचं काम राहिलंय, आणि काम अर्धवट टाकून जाणारा माणूस तो नव्हे, असं तिने मनाशी घट्ट धरून ठेवलंय.

डोळा लागतो न लागतो तोच आत भांडं वाजतं.

"सुगंधा, ब्रश कुठे ठेवलास गं?"

आवाज त्याचाच. ती स्वयंपाकघरात धावते, तर तिथे कारखाना आहे. फळ्यांवर पांढऱ्या मूर्ती ओळीने बसल्यात. जनार्दन पाठमोरा, मांडीवर डुबक्या. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, थांबायचं नाव नाही.

बारीक ब्रश सुगंधाच्याच मुठीत आहे. कधी आला, देव जाणे. ती मूठ पदराआड लपवते.

"मला काय माहीत? तुम्हीच ठेवला असेल कुठेतरी."

"खोटं बोलू नकोस. टेम्पो उभा आहे."

"राहू दे उभा. आधी जेवून घ्या."

"जेवू कसा? पुढ्यातलं ताट दिसत नाही मला."

तो वळतो. नाक त्याचं, मिशी त्याची, पण डोळ्यांच्या जागी नुसती गुळगुळीत कातडी.

"वर्षभर असाच बसलोय," तो म्हणतो. "तू कुठल्या बाजूला आहेस गं?" आणि हात पुढे करून भलतीकडेच चाचपडतो.

हॉर्न जवळ येतो. आता ते एसटी स्टँडवर आहेत, बाकांवर मूर्तीच मूर्ती. जनार्दन उठून आवाजाच्या रोखाने चालू लागतो, सरळ गाड्यांच्या तोंडी.

"अहो, थांबा! तिकडे कुठे?" ती त्याची बाही धरते. "काढते मी डोळे. पण बिघडलं तर?"

"बिघडू दे. बदक आहे, देव नव्हे. मधेच हात उचलू नकोस फक्त."

"मग तुम्ही जाल."

"जाईन. पण तुला बघून जाईन."

सुगंधाला रडू आवरत नाही. जीव मुठीत धरून ती जमिनीवर बसते, पुठ्ठा गुडघ्यावर घेते. हॉर्नने कान किटतात. एक डोळा. ब्रश जरा सरकतो, ती हात उचलत नाही. दुसरा.

जनार्दन तिच्याकडे बघतोय. तेच त्याचे मिश्कील, घारे डोळे.

"केस पांढरे झाले की गं तुझे," तो हळूच म्हणतो. मग पुठ्ठ्यावर वाकतो. "आणि हा डावा चकणा काढलास!"

हॉर्न थांबतो.

सुगंधा जागी होते ती चटईवर नाहीच, भिंतीला टेकून बसलीय. मांडीवर डुबक्या. त्याला दोन डोळे आहेत, डावा अंमळ चकणा. ती भीत भीत त्यावर अंगठा टेकवते. अंगठा काळा होतो.

दाराची कडी वाजते. "आई, मी आले! नेऊ ना गं चित्र?"

"ने," सुगंधा आतूनच म्हणते. "पण जरा थांब बाई. रंग ओला आहे अजून."