पूजेला मांडलेले पॅटर्न

ओतकामाच्या कारखान्यांना लागणारे लाकडी पॅटर्न मी करतो. पॅटर्न वाळूत दाबायचा, उमटलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न जरासा मोठा ठेवतात. किती मोठा, ते ज्याच्या त्याच्या हाताला ठाऊक. वडिलांनी ते कधी कागदावर लिहिलं नाही, मीही नाही.

कमरीपेठेतल्या माझ्या खोलीतून रायापूरकडच्या एका कारखान्याला वीस वर्षं पॅटर्न गेले. मालकांना मी अण्णा म्हणायचो, ते मला तम्मा, कानडीत धाकटा भाऊ. अण्णा म्हणजे थोरला भाऊच, असं मी गावभर सांगत फिरलो. आठवलं की स्वतःचाच राग येतो.

गेल्या वर्षी त्यांनी थ्रीडी प्रिंटर घेतला, थरावर थर चढवत अख्खा पॅटर्न तयार करणारं यंत्र. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. नव्या मशीनशेजारी तुझे जुने पॅटर्नही पूजेला मांडू, म्हणाले. मला भरून आलं. होते नव्हते तेवढे पॅटर्न पुसून मी टेम्पोत घातले. पूजेला मांडलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशीपर्यंत कुणी हात लावत नाही, त्यामुळे निर्धास्त घरी आलो. दसऱ्याला ते कुंकवासकट परत आले, मी तसेच फळीवर ठेवले.

मग काम येईना. दिवाळी झाल्यावर मीच कारखान्यात गेलो. टेबलावर पंपाच्या कवचाचा पांढरा प्लास्टिकचा पॅटर्न होता. आतून बोट फिरवलं आणि थांबलो. एकदा माझी पटाशी घसरून पडलेली खाच तिथं जशीच्या तशी होती. लेकाच्यांनी माझी चूकही सोडली नव्हती.

अण्णांनी काही लपवलं नाही. तुला पंधरा दिवस लागायचे ते दोन दिवसांत होतं, माप कॉम्प्युटरवर बदलता येतं, जुन्या पंपाचा एकच भाग हवा असला तरी परवडतं, असं समजावत बसले. सगळं खरं होतं. मी मालक असतो तर मीही मशीन घेतलं असतं. मापं मागितली असती तर शेजारी बसून दिली असती.

"पूजेतल्या पॅटर्नला हात लावलात, अण्णा?"

"हात कुठं लावला रे तम्मा? स्कॅनरनं नुसता उजेड पाडून मापं घेतली. कुंकूसुद्धा हललं नाही."

घरी येऊन फळीवरचे पॅटर्न बघितले. कुंकू खरंच जागच्या जागी होतं.