गोळीला दिलेला ताण

माझं माहेर पणदऱ्याचं, आणि तोंडही माहेरचंच. लग्न होऊन इंदापूरकडच्या डाळिंबाच्या बागेत आले, तरी ते काही बंद झालं नाही. मालक सगळ्यांना सांगायचे, “हिला एक बोललं की धा ऐकावं लागतंय.”

ते तोंड एका वर्षी आपोआप मिटलं. भांडण नाही, ताप नाही, काही नाही. नुसती उंबऱ्यात बसून राहायचे. लेकीनं गळ्यात हात टाकले तर ते हात मला फक्त जड लागायचे. पोटच्या पोरीचे हात हो! आणि त्याचं वाईटसुद्धा वाटायचं नाही.

मालकांनी मला गाडीवर मागं बसवून बारामतीला नेलं. एमआयडीसीची पाळी नुकतीच सुटली होती, रस्ताभर मोटारसायकली. हे एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं माझा हात आपल्या पोटाशी धरून होते, मी पडेन म्हणून. डॉक्टरीणबाईंनी नैराश्य सांगितलं आणि रोजची एक गोळी दिली. काही आठवडे कशात काही नाही. मग एका सकाळी चहा चहासारखा लागला. पुढं हसू आलं, भूक आली, लेकीची वेणी घालावीशी वाटली.

आता मालकांची अक्कल ऐका. माणूस लाख मोलाचा, पण हाडाचा डाळिंबवाला. आमच्यात बहार धरायचा म्हणजे आधी बागेला ताण देतात. पाणी तोडायचं, झाडाची पानं गळू द्यायची, आणि मग पाणी सोडलं की बाग फुलांनी लाल होते. सारखं पाणी दिलं तर झाड नुसतं माजतं, फुलत नाही. हे मला मायेनं म्हणाले, “अगं, रोज रोज गोळी घिऊन अंगाला सवय लागंल. थोडा ताण दिऊ. परत चालू केली की बघ कशी फुलतीस!”

मलाही पटलं, गोळी बंद केली. बरी झालेच होते की!

दोन-चार दिवसांत डोक्यात झटके बसायला लागले, विहिरीवरच्या मोटारीच्या उघड्या वायरीला हात लागल्यासारखे. चक्कर यायची. ते थांबलं आणि थोड्याच आठवड्यांत मी पुन्हा उंबऱ्यात. या वेळी तर मला वाटलं, आता काही मी यातून परत येत नाही. मालकांनाही तेच वाटलं असणार, कारण घरात एकटी ठेवायला नको म्हणून विहिरीकडं जातानाही ते मला बरोबर न्यायचे आणि काठावर गेलं की माझा पदर मुठीत धरायचे.

परत बारामती गाठली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. कागदावर दोन गोळे काढले, मध्ये फट ठेवली. “दादा, मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. निरोप द्यायला एक पेशी या फटीत सेरोटोनिन नावाचं रसायन सोडते. पलीकडच्या पेशीवर रिसेप्टर असतात, ते त्याला धरतात. उरलेलं पहिली पेशी परत ओढून घेते. ही गोळी ती परतीची वाट अडवते, म्हणून ते फटीत जास्त वेळ राहतं. मग हळूहळू रिसेप्टरही त्याला जुळवून घेतात. म्हणून गुण यायला आठवडे लागतात. सगळं अजून आम्हालाही उलगडलेलं नाही. पण गोळी एकदम तोडली की ही बसलेली घडी विस्कटते.”

“म्हंजी ते शेरोटोनिन गोळीत नसतंय?”

“नाही. ते ताईंचंच. गोळी बाहेरून काही घालत नाही.”

मालकांनी कागदावरच्या फटीवर बोट ठेवलं. “मंग मेंदूचा बहार न्हाय का धरत, म्याडम?”

“नाही हो दादा.” त्या हसल्या नाहीत, म्हणून मला त्या फार आवडल्या.

गोळी परत सुरू झाली. पुन्हा ते वाट बघणं आलं. मालकांनी स्वयंपाक हातात घेतला. रोज जेवण झालं की गोळी तळहातावर घेऊन समोर उभे राहायचे, अपराध्यासारखे. मला त्यांची कीवही येत नव्हती.

एक दिवस सकाळी स्वयंपाकघरात गेले तर ह्यांनी दुधाच्या पातेल्यात पिठलं टाकलेलं.

“अवो, डोळं हायत का बटणं? दुधाचं पातेलं हाय ते! आता जन्मभर चहाला लसणाचा वास! इतकी भांडी मांडणीवर हायत, ती काय पूजेला ठिवल्यात?”

बोलता बोलता दम लागला म्हणून थांबले. मालक पळी हातात धरून उभे.

“संपलं?” ते म्हणाले. “बोल की आनखी. लई दिस झालं गं, तुझी बोलणी खाल्ली न्हाईत.”

मग मी बोलतच राहिले. रडत होते आणि बोलत होते. पिठलं बुडाला लागलं, घरभर वास सुटला, तरी दोघांतल्या एकानंही गॅस बंद केला नाही.