कॅनचं पाणी

पाणी मीच ओतलं. उगाच दुसऱ्याचं नाव घ्यायला नको. चेन्नईत, नुंगंबाक्कम भागातल्या एका मोठ्या हॉटेलात, सभागृहामागच्या हात धुवायच्या बेसिनात, आमच्या गावच्या विहिरीचं कळशीभर पाणी मी माझ्या हातानं रिकामं केलं. आमचे सरपंच, आबा, दारात उभे होते. आवाज अगदी मऊ.

"मला काही नाही रे. पण तुझ्या काकीला पूजा करायचीय. दोन दिवस तुझ्या मांडीवर होतं ते. वाईट वाटून घेऊ नको. ओत."

ओतलं. वर कळशी विसळली. विसळून रुमालानं पुसली, चकचकीत केली. तेवढं तर कुणी सांगितलंही नव्हतं. अपमान करून घ्यायचा तर नीटनेटका, ही माझी जुनी सवय.

काकींनी कळशी माझ्या हातातनं घेतली नाही. मी खाली ठेवली, त्यांनी उचलली. हळदकुंकू लावलं. झाली शुद्ध. कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा कॅन होता, ह्या शहरात घरोघरी असतो तसला. त्यातनं त्यांनी ती भरून घेतली. तो कॅन खांद्यावर घालून जिने चढून आलेला माणूस कुठल्या वस्तीतला, हे मात्र कुणी विचारलं नाही.

मी आमच्या पाणलोट समितीचा सचिव. समितीत वस्तीतला एक माणूस लागतो, म्हणून. अध्यक्ष आबा. पाणलोटाचं काम माथ्याकडनं पायथ्याकडं करतात. आमच्याकडं माथा म्हणजे गायरान, आणि त्याला चिकटून आमची वस्ती. पायथा म्हणजे आबांची बागायत आणि गावची विहीर. तीन उन्हाळे आम्ही माथ्यावर समतल चर खणले. बांबूच्या तीन काठ्यांची ए-फ्रेम बांधून, मधे दोरीला दगड टांगून, पावलापावलाला पातळी मी काढली. चराईबंदी आली, वस्तीनं शेळ्या विकल्या. पाणी मुरलं. मुरून खाली गेलं, कारण पाणी खालीच जातं. आबांचा ऊस वर आला. माझी आई अजून हंडा घेऊन खाली उतरते आणि कुणीतरी वरनं ओतेपर्यंत विहिरीपासून दहा पावलं लांब उभी राहते.

हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मी पडलो हुशार. चेन्नईच्या एका संस्थेनं पाणलोटात राबणारे शेतकरी आणि गावपुढारी यांचा सन्मान जाहीर केला, तेव्हा गावचा अर्ज मीच भरला. सुवाच्य अक्षरात. 'नेतृत्व' ह्या रकान्यात आबांचं नाव. स्वतःला 'इतर ग्रामस्थ' मध्ये कोंबलं. आबा खूश. म्हणाले, चल चेन्नईला, नीट वाग, परत आलो की तुमच्या वस्तीची पाइपलाइन घेतो ठरावात. त्या पाइपलाइनसाठी वस्तीनं मला हार घालून गाडीत बसवलं. मीही असा मान डोलावत बसलो की जणू मलाच पदक मिळालंय.

प्रत्येक गावानं आपल्या विहिरीचं पाणी आणायचं आणि मंचावर एका मोठ्या घंगाळात मिसळायचं, असा त्या समारंभाचा रिवाज. आबा आणि काकी विमानानं गेले. विमानात भरली कळशी मांडीवर घेऊन कोण बसू देणार? म्हणून मी रेल्वेनं. कळशीच्या तोंडाला पांढरं फडकं. सोलापूरला गाडीत चढलो आणि समोरच्या म्हाताऱ्यानं हात जोडले. विचारलं, कोण गेलं? मी म्हणालो, वडील. वडील घरी ठणठणीत, बिडी ओढत असणार. पण त्या एका शब्दावर मला खिडकी मिळाली, वर दोन इडल्या. रामेश्वरला नेतोय, असंही ठोकून दिलं. चेन्नईत आबांना हॉटेल, मला तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये, म्हणजे तिथल्या स्वस्त लॉजमध्ये, खाट. सकाळी तिथनं बसनं कळशी घेऊन आलो. थेंब सांडला नव्हता.

बेसिनाच्या भोकातनं शेवटचं पाणी गुरगुरत गेलं तेव्हा मला तो म्हातारा आठवला.

समारंभ सुरू झाला. पडद्यावर आमच्या गावचे फोटो. एकात माझी आई, डोक्यावर मातीचं घमेलं. खाली इंग्रजीत लिहिलेलं: लाभार्थी. आबांचा फोटो आला, त्याखाली नेता. आबांनी भाषण केलं. "ह्या पाण्यात आमच्या गावचा घाम आहे," म्हणाले. काकींनी कळशी घंगाळात ओतली. संस्थेचे मोठे साहेब वाकले, ते कॅनचं पाणी बोटानं कपाळाला लावलं, डोळे मिटले. सगळं सभागृह उभं राहिलं. मीही उभा राहिलो. टाळ्याही वाजवल्या, काय लपवायचं.

मग फोटोसाठी मला वर बोलावलं. ए-फ्रेम धरून आबांच्या मागं उभं राहायचं, एवढंच काम. दुभाषी म्हणून एक बाई होत्या, तंजावरच्या मराठी घरातल्या, चेन्नईत वाढलेल्या. मराठी जुन्या कागदावरनं वाचल्यासारखं, वर तमिळ हेल. माझ्या हातातली ती चौकट बघून त्यांनी विचारलं, ही कोणी केली? मी म्हणालो, मी. त्यांनी सरळ माईकच माझ्यापुढं धरला.

आबांनी वळून माझा शर्ट ओढला. पाइपलाइन आठवली. हार आठवला. आणि ते बेसिन आठवलं, मी पुसून चकचकीत केलेल्या कळशीसकट.

मी म्हणालो, "हे पाणी आमच्या गावचं नाही. कॅनचं आहे. गावचं पाणी मघाशी मी बेसिनात ओतलं. त्याला माझा हात लागला होता म्हणून."

बाईंनी माईक स्वतःकडं घेतला. "हेंच सांगूं त्यांस?"

"हेच."

त्यांनी सांगितलं. आधी तमिळमध्ये, मग इंग्रजीत. एक शब्द गाळला नाही. आता काहीतरी होईल असं मला वाटलं. खुळा मी. साहेबांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं. कुणीतरी बासरीची टेप लावली. पुढच्या गावाचं नाव पुकारलं. पदक आबांच्याच गळ्यात पडलं. फोटो निघाला, त्यात मी नाही.

मंचावरनं उतरताना आबा माझ्या कानाशी आले. तोच मऊ आवाज. "तुझ्या आईला सांग, हंडा घट्ट धर म्हणावं. जन्मभर."

रिकामी कळशी मी मंचावरनं उचलली आणि एकटा परत आलो. वस्तीत ज्यांनी हार घातला होता त्यांनीच शिव्या घातल्या. एका भाषणापायी नळ घालवलास, म्हणाले. खरंच होतं ते. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना आईनं एवढंच विचारलं, "माथ्यावर तळं कुठं बसंल?"

जागा मी काढलीय. ए-फ्रेमनं, पावलापावलानं. चरांची तोंडं तळ्याकडं वळवायची. पाणी आधी वर थांबेल, आमच्या दारात. ठराव येत्या ग्रामसभेत मी मांडणार, आबांच्या डोळ्यांत बघून. फेटाळला तर पुढच्या सभेत पुन्हा. खाली पाणी मुरवणारे चर गाळानं भरलेत, ते उपसायला मात्र वस्तीतला एक हात जाणार नाही. तळ्याशिवाय नाही.

तळं झालं की उन्हाळ्यात पायथ्याच्या विहिरी आटतील. आबांच्या घरची कळशी वर येईल. पाणी देणार मी, नाही म्हणणार नाही. पण समितीचं रजिस्टर अजून माझ्याकडं आहे. आधी त्यात सही करायची, पाणी कुणाच्या हातचं घेतलं त्याची. मग कळशी पुढं करायची.

भरणार मी. माझ्या हातानं.