वेदीखालचा दगड

त्या गवंड्याला सगळे ‘ओळंबा’ म्हणत. कुणाच्याही घरी गेला की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी भिंत सरळ आहे का ते बघे, आणि नसली तर यजमानाला तोंडावर सुनावे. चर्चवर मात्र त्याचा भारी जीव. आधी तिथं गवती छपराचं प्रार्थनाघर होतं. ते जळालं, तेव्हा त्याच्या आजोबांनी चार सोबती घेऊन काळ्या दगडाचं चर्च उभारलं. भिंती जाडजूड, खिडक्या उंच नि निमुळत्या, मनोरा मात्र एकच, कारण दुसऱ्यापुरता दगड उरला नाही. पुढं माणसं दाराबाहेर उभी राहू लागली, म्हणून मागची भिंत पाडून नवी वेदी आणि तिच्यावरची कमान बांधायचं काम ओळंब्याकडे आलं.

त्याच सुमारास त्याची पहिली मुलगी जन्मली आणि बाप्तिस्म्याआधीच गेली. तेव्हाचे फादर नियमाला पक्के. अशा मुलाला दफनभूमीत जागा नाही, कुंपणाबाहेर पुरा, म्हणाले. बाहेर झुडपं आणि मोकाट कुत्री. ओळंब्यानं पोरीचं खोकं तिथं पुरलं खरं. पण एका पहाटे मजूर यायच्या आत त्यानं ते उकरून काढलं, वेदीच्या नि कमानीच्या पायासाठी खणलेल्या चरात ठेवलं, वर चुना ओतला आणि पहिला दगड स्वतःच्या हातानं बसवला. पोरीला देवाजवळ जागा मिळाली, एवढंच त्याच्या मनात होतं.

बायकोला त्यानं सांगितलं नाही. ती भोळी, तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. फादर समोर दिसले की सगळं ओकून मोकळी होई. फादरांना कळलं असतं तर त्यांनी पाया खणायला लावला असता. नंतर सांगू, असं त्यानं ठरवलं.

दर रविवारी मिस्सा संपली की ती कुंपणाबाहेर जाई, गवत उपटे, फुलं ठेवी आणि मातीशी बोलत बसे. हा फाटकाशी उभा. आज सांगू म्हणे, आणि तिचे सुजलेले डोळे बघून त्याची जीभ रेटत नसे. ते फादर गेले, नियमही सैल झाले. पण आता सांगायचं म्हणजे, तू इतकी वर्षं रिकाम्या जागेपुढं रडलीस, असं सांगायचं. दुसऱ्यांना तोंडावर सुनावणाऱ्या या माणसानं इथं कच खाल्ली.

म्हातारपणी ती अंथरुणाला खिळली. नवे फादर भेटायला आले, तेव्हा तिनं स्वतःच्या दफनासाठी कुंपणाबाहेरची जागा मागून घेतली. ते गेल्यावर तिनं नवऱ्याचा हात धरला.

“अहो, तिला फार एकटं ठेवलं आपण. मला तिच्या शेजारीच ठेवाल ना?”

किती तरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं.

“हो,” तो म्हणाला.

ती गेली तेव्हा तिला त्यानं तिथंच ठेवलं. माती लोटताना असा रडला की मागून झालेल्या मुलांना आवरेना. मग फादरांना गाठून त्यानं सगळं सांगितलं. पोरीला आता आईजवळ नेऊ, असं फादर म्हणाले. ओळंब्यानं मान हलवली. खोक्याचं काही उरलं नसणार, आणि कमानीचा सगळा भार त्याच दगडावर होता. तो काढला तर वेदी खाली आली असती.

फादरांनी दफनाची वही उघडली. मग हळूच विचारलं, “काका, तुमची जागा कुठं धरू? आत, वेदीमागच्या भिंतीशी पोरीजवळ, की बाहेर काकूंजवळ?”

“कुठंही ठेवा,” तो म्हणाला. “पोर होती तिथं तिची आई दर रविवारी यायची, फादर. मीच पोरीला तिथून उचलून नेलं.”