मी दाखवलेलं गेट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर त्या वेळी पलीकडे स्वयंपाकघरातच होती.

इकडे आखातात, अर्दियाला, आमच्या इमारतीमागे गोदामं आहेत. एका आवारात तांबं काढायला जुन्या वायरी जाळायचे. घशाला चिकटणारा काळा धूर. माझ्या मुलीला धाप लागायची. शेजारच्या आवारात रत्नागिरीकडचे इक्बालभाई फर्निचरला पॉलिश करायचे. तक्रारी झाल्या, पोलिसांनी दंडही केला. इक्बालभाईच म्हणाले, "दंड भरतात नि परत जाळतात. खटला संपेस्तोवर पोरगी गुदमरेल तुमची. कोर्टाची मनाईच आणूया." भाडेकरूंना त्यांनीच गोळा केलं, वकीलही त्यांनीच गाठला.

कोर्ट पाहणीला माणूस पाठवणार होतं. त्याच्या आधी — कसं सांगू? मी एका क्लिनिकमध्ये एक्स-रे काढतो. तिथल्या मालकाने मला केबिनमध्ये बोलावलं. ते वायरी जाळायचं आवार त्याच्या मेहुण्याचं. धमकी नाही, काही नाही. चहा दिला आणि विचारलं, "तुझा राहायचा परवाना संपत आलाय ना?" एवढंच. परवाना वाढवायला सही त्याचीच लागायची.

पाहणीच्या दिवशी त्या आवारात काहीच जळत नव्हतं. सगळं झाडून ठेवलेलं. बाकीचे भाडेकरू कामावर. तो माणूस आमच्या खिडकीशी उभा राहिला. धूर कुठून येतो, त्याने विचारलं. इक्बालभाईंच्या दारात थिनरचे डबे होते, भिंत काळवंडलेली — शेजारच्याच धुराने. मी त्यांच्या गेटकडे बोट दाखवलं. तोंडाने बोललो नाही. न बोललेलं खोटं कमी खोटं असतं का? तेव्हा मला तसं वाटलं — किंवा वाटून घेतलं.

मनाई हुकूम निघाला. सील इक्बालभाईंच्या गेटला लागलं. त्यांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा परवाना होता तो मालक, अपिलाच्या भानगडीत पडला नाही. ते गावी निघाले, जायच्या आधी भेटायला आले.

"तुम्ही घरी होतात ना त्या दिवशी? कोणी काय सांगितलं असेल हो?"

"मी कामावर होतो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेले.

आठवड्याभरात धूर पुन्हा सुरू झाला. माझा परवाना वाढवून मिळाला.

ईदला त्यांचा फोन येतो. आम्ही बराच वेळ बोलतो, हसतोसुद्धा. तुम्हाला मी हे सांगितलं. त्यांना नाही.