अंतर संपल्याचा सिद्धांत

विज्ञान आणि तंत्रज्ञान या प्रांतात ज्याविषयी सोमेश्वरचे मत नाही अशी गोष्ट टेंभुर्णीत कुणाला ठाऊक नव्हती. आणि ते मत ऐकल्यावाचून चहा संपवता आलेला माणूसही गावात विरळाच. जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये तो विद्युत विभागाचा पर्यवेक्षक होता. पॉलिटेक्निकची पदविका त्याने पहिल्या वर्गात मिळवली होती, आणि त्या पदविकेची कदर करणारे एकही माणूस पुढे आयुष्यात भेटले नाही, ही त्याची पहिली आणि कायमची तक्रार होती. मिलमध्ये नवे पॅनेल बसले की मालक त्या पॅनेलवर नारळ फोडत. नारळाच्या पाण्यातून वीज वाहते, हे त्याने लेखी कळवले होते. पुढच्या वेळी नारळ फोडायचा मान त्यालाच देण्यात आला.

संध्याकाळी मिलवरून परतला की बसस्टँडजवळच्या महेमूदच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात त्याची बैठक भरे. महेमूद त्याचा शाळेपासूनचा मित्र. भिंगाखाली मान घालून काम करता करता तो विचारी, "काय इंजिनियर, आज कोणाची बारी?"

"त्या बँकेच्या वेबसाइटची. मी माणूस आहे हे मला यंत्रापुढे सिद्ध करावं लागतं, महेमूद. आणि पुरावा काय मागते? चौकोनांतल्या मोटारसायकली ओळखा. अरे, रोज जालन्याला जाता-येता दुसरं काय पाहतो मी?"

"मंग, पास झाला का न्हाई?"

"दोनदा नापास."

"बराबर हाय. मला बी डाऊट होताच."

स्मार्ट दिव्यांबद्दल त्याचे म्हणणे असे, की बटण दाबताच लागतो तो दिवा अडाणी आणि वायफाय गेल्यावर लागत नाही तो हुशार, ही व्याख्या ज्याने केली त्याचे घर एकदा पाहायला हवे. कोणत्याही प्रश्नाला बेधडक चुकीचे उत्तर देणारे यंत्र परदेशात अब्जावधी खर्चून बनवले गेले, तेव्हा तो म्हणाला, "असे तिघे आपल्या ग्रामपंचायतीत आहेत, आणि त्यांना वीजसुद्धा लागत नाही." मोबाईलचे खोके उघडण्याचे व्हिडिओ मात्र तो स्वतः चवीने पाही. त्यावर त्याची बायको सुरेखा एकदा म्हणाली होती, "पेटीतलं सोनंबी माणूस एवढं हळू काढत न्हाई."

सुरेखा पिंपळगाव रेणुकाईची, शेतकऱ्याघरची. नवऱ्याच्या मतांकडे ती पंख्याच्या आवाजाकडे पाहावे तशी पाही. चालू असला तर बरे, बंद पडला तर काळजी. एकदा जालन्याच्या थिएटरात अंतराळातली लढाई चालू असताना सोमेश्वर उभा राहून ओरडला, "निर्वात पोकळीत आवाज कसा येईल?" मागचे लोक ओरडू लागले, तेव्हा तिने त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवले आणि कानात सांगितले, "त्याह्यला म्हाईत न्हाई म्हणून ते लढून राह्यले. तुम्हाला म्हाईत हाय ना? मंग गप बसा."

त्याचे ऐकणारे माणूस घरात एकच होते, त्याची मुलगी अर्पिता. मांजर आडवे गेले तर मांजराला कुठेतरी जायचे असते, एवढाच त्याचा अर्थ, हे तिला अक्षरओळखीआधी शिकवण्यात आले. अंधारात भूत दिसले तर आधी टॉर्च मारायची आणि मग घाबरायचे, हा घरचा नियम होता. बापलेकींनी मिळून रेडिओ जुळवला, शेजाऱ्यांचा मिक्सर बिघडवला, मग दुरुस्तही केला. पोर शिकली, पुण्याला गेली, तिथून नेदरलँड्सला गेली. संगणकाच्या चिपा बनवणारी यंत्रे तपासण्याचे तिचे काम होते. ते नेमके काय, हे गावात फक्त सोमेश्वरला समजे. आणि ज्यांना समजत नसे त्या सर्वांना तो ते समजावून सांगे.

ती गेल्यावर त्याच्या सगळ्या मतांचा मुकुटमणी शोभावे असे एक मत तयार झाले. अंतर नावाची गोष्ट आता शिल्लक उरलेली नाही. माणूस म्हणजे अखेर त्याचा आवाज, चेहरा आणि विचार. तिन्ही गोष्टी क्षणात पोहोचतात. मग पासष्ट किलो हाडामांसाची वाहतूक करण्याचा आग्रह कशासाठी? अर्पिता दिवाळीला आली नाही तेव्हा त्याने हे मत प्रथम मांडले. पुढच्या दिवाळीला ते अधिक मुद्देसूद झाले. सुरेखा व्हिडिओ कॉलवर फोन असा धरी, की मुलीला आईचे कपाळ आणि वरचे पत्रे तेवढे दिसत. "आये, खाली धर गं," अर्पिता हसत म्हणे. कॉल संपला की सुरेखा बराच वेळ काळी झालेली काच पदराने पुसत बसे. "अंतर संपलं म्हणता," ती एकदा म्हणाली, "मंग माझा हात का पुरून न्हाई राह्यला?" सोमेश्वरने स्पर्शाचे तंत्रज्ञानही लवकरच येत असल्याचे सांगितले.

ते येण्याआधी सुरेखा गेली. एप्रिलच्या शेवटी मेंदूत रक्तस्राव झाला. जालन्याला नेले, आणि दुसऱ्या दिवशी परत आणले ते शव. अंत्यविधीला पोहोचणे अर्पिताला शक्यच नव्हते. त्या संध्याकाळी तिने रडून घोगऱ्या झालेल्या आवाजात विचारले, "पप्पा, मी येऊ का?"

'ये' हे एका अक्षराचे उत्तर होते. पण समोर पाहुणे बसलेले, आणि अडचणीच्या वेळी सोमेश्वरच्या तोंडून पाठ असलेलेच बाहेर पडे. "येऊन काय करशील, बेटा? जे व्हायचं ते झालं. दहाव्याचं सगळं मी लाइव्ह दाखवतो. इथं असलीस तर गर्दीतून दिसणार नाही, तेवढं स्वच्छ दिसेल."

"बरं," अर्पिता म्हणाली. बापाचे म्हणणे तिला नेहमीच पटत आलेले होते.

तिने पुन्हा विचारावे, म्हणून तो रोज वाट पाहत राहिला. मुलीच्या खोलीतली गादी त्याने उन्हात टाकली आणि कुणी विचारले तर ढेकणांचे कारण सांगितले. अ‍ॅमस्टरडॅमहून मुंबईला येणारी विमाने त्याने शोधली, संभाजीनगरपर्यंतची पुढची जोडणी पाहून ठेवली, आणि मग शोधाच्या नोंदी पुसून टाकल्या. आपल्याच सिद्धांताविरुद्ध जाण्याची त्याला लाज वाटली. मुलीने तो सिद्धांत मोडून, त्याला न विचारता, दारात उभे राहावे, एवढीच त्याची इच्छा होती. आणि आज्ञाधारक मुलीने तो सिद्धांत तंतोतंत पाळला.

दहाव्याच्या सकाळी नदीकाठी त्याने फोन तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवला. उन्हात फोन तापून बंद पडतो हे त्याने आदल्या दिवशी तपासले होते, म्हणून फोनभोवती मिलमधून आणलेला चांदीसारखा चकाकणारा कागद गुंडाळला होता. पडद्यावर अर्पिता होती, पांढरा कुडता घालून, केस बांधून. तिकडे नुकते उजाडले होते. बद्रीनाथ महाराजांनी विधी उरकले, पिंड मांडला, आणि मंडळी मागे सरकून उभी राहिली. महेमूद टोपी हातात घेऊन एका कडेला थांबला होता.

आता कावळ्याने येऊन पिंडाला शिवायचे. तो आला नाही, तर गेलेल्या जिवाची काही इच्छा मागे राहिली असे समजायचे, आणि जवळच्यांनी पुढे होऊन वचन द्यायचे. समोरच्या बाभळीवर कावळे होते. ते ओरडत होते, माना वाकड्या करून खाली पाहत होते, एखादा झेप घेऊन अर्ध्यावर येई आणि काहीतरी दिसल्यासारखा वळून जाई.

सुरेखाची थोरली बहीण पुष्पाबाई पुढे झाली. "सुरेखा, दाजीच्या जेवणाचं मी बघते गं. उपाशी न्हाई ठिवत." कावळे हलले नाहीत. मग दोघांनी देवाचे नवस फेडण्याचे सांगितले. ऊन चढत गेले. मागे कुजबुज सुरू झाली, आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा पिंडावरून सुटून तिकाटण्यावरच्या फोनकडे वळल्या.

सोमेश्वरला कारण केव्हाच कळले होते. नदीपलीकडच्या उन्हाळी बाजरीत पाखरे बिचकावीत म्हणून शेतकऱ्याने चकाकत्या पट्ट्या बांधल्या होत्या. तीच चकाकी इथे पिंडापासून दोन हातांवर त्याने स्वतः उभी केली होती. ती हलवली की कावळा येणार. पण ती हलवायची, तर मुलीला हलवायचे. आणि आईच्या या शेवटच्या विधीला अर्पिता म्हणून तिथे जे काही होते, ते त्या कागदाच्या आतच होते.

"पप्पा," फोनमधून आवाज आला. "माझ्यामुळं येत न्हाई का तो?"



"नाही बेटा. कागद चमकतोय. नवी वस्तू दिसली की पक्षी बिचकतो."

"मंग उचला ना मला तिथून," अर्पिता म्हणाली. "जल्दी उचला, पप्पा."

सोमेश्वर पुढे गेला. नेमक्या त्याच वेळी सुरेखाचा धाकटा भाऊ भुजंग, जो इतका वेळ दात आवळून उभा होता, हात जोडून ओरडला, "ताई! आपल्या अर्पूला आणतो गं! तुझ्या घरात आणून उभी करतो, माझी शप्पत हाय!" सोमेश्वरने फोन काढून सदऱ्याच्या खिशात घातला आणि कागद, तिकाटणे घेऊन मागे झाला. तो पुरता मागे येतो न येतो तोच बाभळीवरून एक कावळा सरळ उतरला आणि त्याने भातात चोच घातली.

"शिवला! शिवला!" पुष्पाबाईने हंबरडा फोडला. भुजंग तिथेच मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. "ऐकलं माझ्या ताईनं. पोरीसाठीच थांबल्ती ती."

खिशातून आवाज येत होता. "पप्पा? काय झालं? मला नुसता अंधार दिसतोय."

त्याने फोन बाहेर काढला आणि गर्दीपासून दूर, पाण्याच्या कडेला गेला. "शिवला," तो म्हणाला.

"मामानं म्हणल्यावर?"

"त्याच सुमारास."

पडद्यावरचा तिचा चेहरा त्याने लहानपणानंतर असा पाहिला नव्हता. टॉर्च न मारता घाबरलेले पोर होते ते. "म्हणजे आई माझीच वाट बघत होती. आणि मी इथं चहा घेऊन बसले होते. पप्पा, मी येऊ? आज रात्रीचं विमान मिळतं का बघते मी. येऊ ना?"

ज्या प्रश्नासाठी त्याने गादीला ऊन दिले होते तो प्रश्न आला होता. कारणही आयते होते, साऱ्या गावाने पाहिलेले. फक्त मान हलवायची होती. परवा ती दारात असती. पण ती येत होती ती त्या कावळ्याच्या बोलावण्यावरून, आईचा जीव आपण अडकवून ठेवला ही समजूत उराशी घेऊन. आणि ती समजूत पुढे जन्मभर तिच्यासोबत राहिली असती. तिला भीतीपासून दूर ठेवण्याखेरीज या बापाने तिच्यासाठी दुसरे काय केले होते?

"अर्पू, नीट ऐक," तो म्हणाला, आणि आपला आवाज व्याख्यानाच्या पट्टीत चढल्याचे त्याला स्वतःलाच ऐकू आले. "मामा ओरडला त्याच वेळी मी कागद काढला. दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. कागद निघाला, कावळा आला. पलीकडे बाजरीत पट्ट्या बांधल्यात, तिथं एक पाखरू नाही. दाखवू?"

त्याने फोन फिरवून शेत दाखवले. ती बराच वेळ पाहत राहिली.

"हो की," ती हळूच म्हणाली. "परावर्तन. माझ्या लक्षातच न्हाई आलं."

"दुःखात नाही येत."

"म्हणजे माझ्यामुळं नव्हतं."

"तुझ्यामुळं बिलकुल नव्हतं."

तिने दोन्ही तळहातांनी डोळे पुसले. तिचा चेहरा पुन्हा त्याच्या ओळखीचा, विचारी झाला. "बरं झालं पप्पा तुम्ही सांगितलं. मी उगीच काहीतरी करून बसले असते." मग थोड्या वेळाने, "तेराव्याचं पण असंच दाखवाल ना? कागद मात्र लावू नका."

"नाही लावत."

"जेवून घ्या. मी निघते, नऊला मीटिंग आहे."

पडदा काळा झाला. महेमूद मागे येऊन उभा होता. त्याने सगळे ऐकले होते. तिकाटणे त्याने सोमेश्वरच्या हातातून काढून घेतले आणि त्याचे पाय एकेक करून मिटवले. "यार सोमेश," तो म्हणाला, "सबंध उमर बराबर बोलत आलास. आज एक दिवस चुकीचं बोलला असतास तर काय खर्चा होता?"

काठावर मंडळी पांगत होती. भुजंग तोंड धुऊन, उपरण्याने पुसत त्याच्याकडे आला. त्याचे डोळे सुजले होते, पण चेहऱ्यावर ओझे उतरल्याचे समाधान होते.

"दाजी, बोलले ना पोरीशी? कवा येऊन राह्यली? संभाजीनगरला गाडी घेऊन मीच जातो आणायला."

"येत नाही ती."

"आं? अन् मी वचन दिल्तं त्याचं? तिनं बघितलं न्हाई का?"

"तिला मी कारण समजावून सांगितलं," सोमेश्वर म्हणाला. "तिला पटलं."